विश्लेषण : सहा महिन्यांच्या ‘वनौषधी डिप्लोमा’वर दवाखाना टाकता येतो का?

बारावीचा निकाल लागला की मोबाइलवर अभ्यासक्रमांच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. त्यात ‘हर्बल मेडिसिन’, ‘वनौषधी तज्ज्ञ’, ‘आयुर्वेद डिप्लोमा’ अशा नावांचे तीन-सहा महिन्यांचे कोर्सही असतात. ‘नीट’ची गरज नाही, घरबसल्या शिका, प्रमाणपत्र घरपोच. गोंदियासारख्या जंगलाच्या जिल्ह्यात अशी जाहिरात पटकन भिडते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जडीबुटीची माहिती अनेक घरांत आजा-पणजापासून चालत आली आहे. सोबत एखादा कागद मिळाला तर दवाखाना टाकता येईल, असे वाटणे साहजिक आहे. पण तसा तो टाकता येत नाही. टाकलाच, तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

उपचार करण्याचा अधिकार कोणाला?

महाराष्ट्रात आयुर्वेदाने उपचार करायचे तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते. नोंदणी नसताना व्यवसाय केल्यास महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मधील कलम ३३ नुसार तुरुंगवासाची तरतूद आहे. ही नोंदणी मान्यताप्राप्त पदवीवर होते. आजच्या विद्यार्थ्यासाठी ती पदवी म्हणजे बीएएमएस.

प्रमाणपत्रावर संस्थेचे नाव किती मोठे आहे, याने फरक पडत नाही. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ आणि ‘आयुर्वेदरत्न’ या एकेकाळी नावाजलेल्या पदव्या. पण १९६७ नंतर मिळवलेल्या या पदव्यांवर उपचार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. तिथे कालपरवाच्या ऑनलाइन डिप्लोमाचा निभाव कसा लागणार? वैद्यकीय पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतही मनाई आहे.

बीएएमएसला प्रवेश कसा मिळतो?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवे आणि ‘नीट’ द्यावी लागते. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातले शेवटचे एक वर्ष इंटर्नशिपचे. राज्य कोट्याचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून होतात. गोंदियाहून सोयीचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय नागपूरला, सक्करदऱ्यात आहे. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते.

इथे दोन ठिकाणी विद्यार्थी अडकतात. पहिले, जात वैधता प्रमाणपत्र. आदिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत समितीकडची पडताळणी वेळ खाते, म्हणून अर्ज अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत केलेला बरा. दुसरे, महाविद्यालयाची मान्यता. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग कोणत्या महाविद्यालयाला किती जागांची परवानगी आहे, हे संकेतस्थळावर जाहीर करतो. भिंतीवर लावलेले जुने पत्र पाहून समाधान मानू नये, चालू वर्षाची यादी पाहावी. खासगी महाविद्यालयाचे मंजूर शुल्कही शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सापडते. त्यापेक्षा जास्त मागितले जात असेल तर पावती मागावी.

मग छोटे कोर्स सगळे बोगस का?

तसे नाही. कोर्स काय शिकवतो आणि जाहिरात काय कबूल करते, यातले अंतर पाहायचे. पंचकर्म सहायकाचे प्रशिक्षण घेतलेल्याला वैद्यांच्या देखरेखीखाली काम करता येते, स्वतः रोगी तपासता येत नाही. उपचारापेक्षा औषध बनवण्यात रस असेल तर चार वर्षांचे बी.फार्म. अधिक कामाचे. त्यात वनस्पतिजन्य औषधांचा अभ्यास असतो, सहाव्या सत्रात ‘हर्बल ड्रग टेक्नॉलॉजी’ हा स्वतंत्र विषयच आहे. वनस्पती ओळखण्यात आणि लागवडीत गोडी असणाऱ्याला वनस्पतिशास्त्रातली बी.एस्सी. जवळची, आणि तिला ‘नीट’ही लागत नाही.

कोणत्याही संस्थेला पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा : या प्रमाणपत्रावर माझी नोंदणी कोणत्या परिषदेत होईल? उत्तर फोनवर मिळते, पण लेखी मिळत नसेल, तर काय समजायचे ते समजावे.

जंगलातून कमाईचा मार्ग आहे?

आहे, आणि त्याला डिप्लोमा लागत नाही. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावरचा मालकी हक्क तिथल्या आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिला. गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपानांबरोबर औषधी वनस्पती, मुळे आणि कंदही आहेत. म्हणजे गोळा करणे, वाळवणे, कच्चा माल विकणे हे ग्रामसभेच्या पातळीवर शक्य आहे.

गोची पुढे होते. हिरडा, बेहडा, आवळा ही तिन्ही झाडे इथल्या जंगलात आहेत. पण त्यांचे त्रिफळा चूर्ण औषध म्हणून डबीत भरून विकायचे, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली उत्पादन परवाना हवा. त्यासाठी ठरावीक दर्जाची जागा आणि पात्र तांत्रिक माणूस लागतो. डबीवर किंवा जाहिरातीत ‘मधुमेह बरा होतो’ असे लिहिले, की १९५४ चा जादूटोणासदृश औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आडवा येतो. बचत गटांना प्रशिक्षण देणारे बहुतेक जण सुकवणे, पॅकिंग एवढेच सांगतात. परवान्याचा विषय निघतो तो माल अडकल्यावर.

पिढीजात वैदूंचे काय?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. एप्रिल २०१८ मध्ये केरळच्या पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मान्यताप्राप्त पात्रता नसताना केवळ परंपरेच्या आधारे वैद्यकी करता येणार नाही. रुग्णाच्या सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्या गावात हाड बसवायला आणि काविळीला आजही लोक आधी वैदूकडे जातात, तिथे त्याला बेकायदा ठरवून भागत नाही.

क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बंगळुरूच्या ‘एफआरएलएचटी’ या संस्थेसोबत अशा वैदूंसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आणली. तिच्यात वैदूच्या ज्ञानाची आणि हातोटीची परीक्षा होते. तरीही ते प्रमाणपत्र म्हणजे डॉक्टरची नोंदणी नव्हे. दुसरीकडे, वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा समुदायाचा हक्क नोंदलेला आहे, आणि जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. कोणते मूळ कुठे मिळते, कोणत्या महिन्यात काढायचे, किती ठेवायचे, हे म्हाताऱ्या वैदूला विचारून त्या वहीत लिहिता येते. बारावी झालेला नातू हे काम एका उन्हाळ्यात करू शकतो. त्याला फी लागत नाही.