कांतीचें सूत

चंद्रपूर जिल्ह्यांतील सावली हें तालुक्याचें गांव आम्हांस दोन कारणांनीं प्रिय आहे. एक तेथील खादीची परंपरा. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन येथेंच भरलें व महात्माजी त्यास उपस्थित होते. दुसरें, तेथें आमच्या स्नेह्यांचें भरलें घर आहे. गेल्या पावसाळ्यांत, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, आम्ही त्यांच्याकडे उतरलों असतां घरच्या सूनबाईंनीं एक डबा पुढें ठेवून विचारलें, “ही कोलॅजनची भुकटी घेतल्यानें सुरकुत्या जातात म्हणे; खरें का?” हा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकभगिनींच्या मनांत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

कोलॅजन म्हणजे त्वचेचें सूत. पाणी वजा केलें तर त्वचेच्या वजनांत सुमारें तीन चतुर्थांश वांटा त्याचाच असतो. हें सूत तिपेडी आहे. तीन साखळ्या एकमेकींभोंवतीं वळून त्याचा दोर होतो, हें मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनीं १९५४-५५ सालीं दाखविलें. ऐन तारुण्य ओसरूं लागलें कीं तें दरसाल थोडें थोडें घटतें, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पांच वर्षांत तर सुमारें ३० टक्के कमी होतें. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु सारा दोष वयाचाच नव्हे.

आम्हीं सूनबाईंस म्हटलें, “सासूबाईंचा चेहरा पहा, आणि पदराखालच्या दंडाची आंतली बाजू पहा.” चेहऱ्यावर सुरकुत्यांचें जाळें, दंड मात्र मऊ व नितळ. दोहोंचें वय एकच! चेहऱ्यानें चंद्रपूरकडचे कित्येक वैशाख उघड्यावर सोसले, दंड सावलींत राहिला, एवढाच काय तो भेद. उन्हांतील अतिनील किरणांनीं कोलॅजन तोडणारीं विकरें त्वचेंत वाढतात. म्हणून दहा ते चार या वेळांत शक्य तों सावली धरावी; बाहेर पडणें भागच असेल तर छत्री, डोक्यावर पदर किंवा उपरणें, पूर्ण बाह्यांचें सुती वस्त्र व उघड्या भागास ऊन रोखणारें मलम, एवढें तरी असावें.

दुसरी गोष्ट आहाराची. सी जीवनसत्त्वावांचून हें तिपेडी सूत घट्ट वळलें जात नाहीं. तें फारच कमी पडलें तर हिरड्यांतून रक्त येतें व जखमा भरत नाहींत. आवळा, पेरू, लिंबू यांत तें भरपूर असतें. कोलॅजन घडतें तें प्रथिनांतून, म्हणून डाळी, दूध, दहीं यांची हयगय नसावी. राहिली भुकटी. वनस्पतींत कोलॅजन नसतेंच. तें जनावरांच्या कातड्यापासून, हाडांपासून किंवा मासळीपासून काढितात, हें शाकाहारी घरांनीं ध्यानांत घ्यावें. पोटांत गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणें त्याचेही तुकडे होतात. तें सरळ गालांवर जाऊन बसत नाहीं. कांहीं प्रयोगांत अल्प गुण दिसला आहे खरा, पण त्यांतील अनेकांचा खर्च विकणाऱ्यांनींच केलेला आहे. कोलॅजनच्या मलमाचा तर रेणूच इतका मोठा कीं तो कातडींतून आंत शिरत नाहीं.

इतकें बोलून आम्ही पानावर बसलों. घरचे धाकटे चिरंजीव चटणी-लोणच्यास स्पर्श न करितां दुधांत भात कालवून बारीक घांस घेत होते. “याला अलीकडे तिखट सोसत नाहीं,” त्याची आई कौतुकानें म्हणाली. आमच्या मनांत निराळीच शंका आली. जेवणानंतर आम्हीं त्यास आपलीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत घालावयास सांगितलें. दोनही कष्टानें गेलीं. मग कळलें कीं सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा तो तीन वर्षें खात होता.

सुपारीनें गालाच्या आंतल्या अस्तरांत कोलॅजन नको तितकें साचतें, कठीण होतें, आणि तोंड उघडेनासें होतें. १९५३ सालीं मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनीं ह्या विकाराचें वर्णन केलें होतें. प्रारंभीं तिखटानें आग होते. पुढें घांस अडतो. आणि ह्यांतून तोंडाचा कर्करोग उद्भवण्याचें भय असतें. आखडलेलें अस्तर पूर्ववत् होणें कठीण, पण वेळींच सुपारी सुटली तर विकाराची वाढ बहुधा थांबते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत २०१६ सालीं दारू-तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ मोहीम सुरू झाली, ती उगीच नव्हे.

त्या दिवशीं भुकटीच्या डब्याची कोणास आठवणही राहिली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडील मंडळी मुलास घेऊन चंद्रपुरास दंतवैद्याकडे गेली. निघण्यापूर्वी आजोबांनीं आपल्या पानाच्या डब्यांतील सुपारी काढून टाकिली आणि अडकित्ता सूनबाईंच्या स्वाधीन केला, “मीच खात राहिलों तर त्याला कोणत्या तोंडानें सांगूं?” एवढेंच ते म्हणाले.

वाचकहो, आज रात्रीं जेवणापूर्वीं घरांतील प्रत्येकानें ही तीन बोटांची परीक्षा करून पहावी. सुरकुत्यांचा विचार उद्यां केला तरी चालेल.