‘कधीकधी’ म्हणजे केव्हा?

मराठीत काही शब्द फार सोयीचे आहेत. ‘बघू’, ‘तसं म्हटलं तर’, ‘येऊ एकदा’. बोलणाऱ्याला काही कबूल करावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘कधीकधी’ हा त्याच गोतावळ्यातला. वर्गात मी त्याची ओळख ‘कालवाचक क्रियाविशेषण’ अशी भारदस्त करून देतो. पण ज्याच्या दारात जुनी मोटार आहे त्याला विचारा! “गाडी कधीकधी सुरू होत नाही” एवढे एकच वाक्य उच्चारून आपण ती मिस्त्रीच्या हवाली करतो. तिथे ती शहाण्या मुलासारखी पहिल्या झटक्यात सुरू होते. मिस्त्री बिचारा काय करणार? तो काहीतरी नवे घालून देतो. चार दिवसांनी गाडी पुन्हा भर बाजारात फुरंगटून बसते.

आमच्या वर्तकनगरात इमारतीखाली उभी असते ती प्रीमियर पद्मिनी, १९८९ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९९ मध्ये ती जुनीच घेतली. नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगतो : सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट अकराशे डिलाइट’ बाहेर पडू लागली आणि १९७४ मध्ये तिचेच नाव ‘पद्मिनी’ झाले. नाव चितोडच्या राणीचे. पण लोकांनी शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटले. एके काळी या गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत तिचे राज्य होते, तेही ऑक्टोबर २०२३ अखेर संपले. आता आमच्यासारख्यांच्या घरी तेवढी उरली आहे. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करावी लागते, तेवढे सोपस्कार अण्णांनी श्रद्धेने पाळले.

पण अलीकडे गाडीचा भरवसा उरला नव्हता. बॅटरी नवी झाली, प्लग नवे झाले, कॉइलही नवी झाली; ‘कधीकधी’ मात्र जुनेच राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रस्त्यात थांबून धक्का मारणारे शोधायचे म्हणजे शिक्षाच. अण्णांनी हळूहळू बाहेर पडणेच सोडले. विचारले की म्हणत, “गाडीचं काही सांगता येत नाही. आणि मलाही कधीकधी चक्कर येते.”

“अहो, कधीकधी म्हणजे नक्की केव्हा?” एक दिवस आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न गाडीविषयी होता. त्यांनी एक दोनशे पानी वही काढली, रकाने आखले आणि गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली : तारीख, वेळ, हवा, आधी गाडी किती वेळ उभी होती, आणि सेल्फ मारल्यावर काय झाले.

यातला शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. सेल्फ मारल्यावर नुसते ‘टक्’ वाजले किंवा इंजिन रडतरडत फिरले, तर दोष विजेच्या पुरवठ्यात. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी भुकटी धरली आहे का, तिची अर्थिंगची वायर सैल आहे का, हे आधी पाहावे. रात्रभर विसावलेल्या भरल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. तो १२ वर आला की ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. उलट इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष. मग संशयित दोनच : ठिणगी आणि पेट्रोल.

मे आणि जून मिळून सहा आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. नवलाची गोष्ट म्हणजे नऊही वेळा इंजिन जोमाने फिरले होते. त्यांतल्या सहा वेळा गाडी तापलेली होती. जांभळी नाक्यावर उभी करून भाजी घेऊन येईपर्यंत १५–२० मिनिटे गेलेली. आणि अर्ध्या तासाने ती आपण होऊन सुरू झालेली. उरलेल्या तिन्ही नोंदी सकाळच्या, रात्रभर पाऊस पडून गेल्यानंतरच्या. म्हणजे एका ‘कधीकधी’च्या पांघरुणाखाली दोन दुखणी निजली होती! एक बरे केले तरी दुसरे उठत असे, आणि आपल्याला वाटे, काहीच उपयोग झाला नाही.

वही पाहून मिस्त्रींचा चेहरा उजळला. “साहेब, असं आधी कुणी सांगतच नाही,” ते म्हणाले. मग आम्ही त्यांनाच शेजारी बसवून जांभळी नाक्यावर गेलो, गाडी उभी केली आणि चहा प्यायला. परत आलो तर गाडी सुरू होईना. गाडी बंद पडल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला! मिस्त्रींनी प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. (हे काम जाणकारानेच करावे, तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.) ठिणगी लख्ख निळी होती. म्हणजे कॉइलवर आळ उगाच होता. त्यांनी पेट्रोल-पंपावर ओले फडके ठेवले आणि पाच मिनिटांत गाडी सुरू झाली.

कारण सोपे आहे. गाडी धावते तेव्हा पंख्याचा वारा असतो आणि ताजे पेट्रोल वाहत असते. थांबली की इंजिनाची धग तिथेच कोंडते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि हा पंप पेट्रोल ढकलण्यासाठी केलेला आहे, वाफ नव्हे. आमच्या गाडीची नळी इंजिनाला चिकटून गेली होती. ती दूर घेतली आणि रबरही बदलले. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले आहे. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, म्हणून जुन्या गाडीवाल्यांनी नळ्या आणि पंपाचा पडदा मधूनमधून तपासून घ्यावा.

पावसाळी दुखणे निघाले डेल्कोच्या झाकणात. केसाएवढी चीर होती. कोरड्या दिवशी ती निरुपद्रवी. ओल धरली की ठिणगीची वीज प्लगकडे न जाता तिथूनच पळे. झाकण बदलले, काम झाले. आधी घातलेल्या बॅटरी, प्लग आणि कॉइल यांच्या मानाने दोन्ही दुरुस्त्या अगदी स्वस्तात झाल्या.

वहीत बरीच पाने कोरी होती. सौभाग्यवतींनी उलट बाजूने नवे रकाने आखले आणि ती अण्णांपुढे ठेवली. “आता तुमची चक्कर लिहायची, अण्णा. किती वाजता, आधी काय करत होता, गोळी केव्हा घेतली होती.”

“मी काय मोटार आहे?” अण्णा म्हणाले. पण लिहू लागले. तीन आठवड्यांनी दिसले ते असे : चक्कर सकाळीच येते, रक्तदाबाची गोळी घेतल्यावर तास-दीड तासाने, आणि तीही खुर्चीतून एकदम उठताना. वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी अण्णांचा रक्तदाब आधी निजवून, मग उभे करून मोजला. उभे राहताच तो चांगलाच उतरत होता. त्यांनी गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलली, सावकाश उठायला सांगितले. (गोळी आपल्या मनाने मात्र कधीही कमी करू नये.) गेल्या दोन वर्षांत अण्णांनी त्यांना तीनदा तरी “कधीकधी चक्कर येते” असे सांगितले होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. फक्त त्यात माहिती नव्हती.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरात एक साधी वही आणून ठेवा. मोटार नसली तरी पंप असेल, फ्रीज असेल, नाही तर एखादे म्हातारे माणूस असेल. खर्च वहीपुरता, आणि मिस्त्री काय, डॉक्टर काय, दोघेही दुवा देतील.

अण्णा आता रोज उपवन तलावाकाठी जाऊन बसतात. काल त्यांना विचारले, “मग, कधी निघायचं?”

“पावणेसहाला,” ते म्हणाले. “हवा कोरडी आहे.”