मॉस्कोचा झेंडा आणि परतवाड्याचा नाका

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना १९९१ हे साल तोंडपाठ असावं लागतं. आखाती युद्ध, राजीव गांधींची हत्या, रुपयाचं अवमूल्यन, नवं आर्थिक धोरण, सोव्हिएत संघाचं विघटन. आमच्या अचलपुरात अभ्यासिकेत बसलेली पोरं ही यादी तालासुरात घोकताना ऐकली की मला गंमत वाटते. त्या सालाची आमचीही एक यादी आहे, पण तिचा क्रम निराळा लागतो. तिच्यात कापूस पहिला येतो आणि गोर्बाचेव्ह त्याच्या मागून, बंडीच्या दांडीला धरून चालत येतात.

युद्धाची ओळख आम्हाला रॉकेलच्या रांगेत झाली. १७ जानेवारीला बगदादवर बॉम्ब पडू लागले. अमेरिकेची लष्करी विमानं मुंबईत उतरून इंधन भरतात यावरून दिल्लीत चंद्रशेखर सरकारवर गदारोळ उठला. रांगेतल्या लोकांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की आपल्याला डबडंभर मिळत नाही आणि तिकडे विमानांच्या टाक्या भरल्या जातात. अर्थशास्त्र म्हणून हे चूक असेल, पण भावना म्हणून मी त्या रांगेच्या बाजूने होतो.

मे-जूनमध्ये राजकारण एकदम आमच्या अंगणात आलं. २१ मेच्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, मतदानाचे उरलेले टप्पे जूनवर गेले. अमरावतीतून प्रतिभाताई पाटील लोकसभेत गेल्या. २१ जूनला पंतप्रधान झाले ते नरसिंह राव. या निवडणुकीत ते उभेच नव्हते, मात्र त्याआधी ते रामटेकचे खासदार होते. मराठी त्यांना चांगली येत होती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. चारच दिवसांनी मुंबईत पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. दिल्लीत रामटेकचा माणूस आणि मुंबईत वऱ्हाडातला. आता आपलं भलं होणार, असं बोलणारे चहाच्या टपरीवर बरेच होते.

जुलैत रुपया दोन हप्त्यांत घसरवला गेला, १ तारखेला आणि ३ तारखेला. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं लंडनच्या आणि जपानच्या बँकेकडे तारण ठेवलं. सोनं गहाण पडणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. भाषणाच्या अखेरीस त्यांनी व्हिक्टर ह्यूगोचा हवाला दिला आणि इंग्रजी पेपरांनी तो गाजवला. आमच्याकडे गाजलं ते खत. खताच्या किमती चाळीस टक्क्यांनी वाढवल्या होत्या. ओरड झाल्यावर वाढ तीस टक्क्यांवर आली आणि अल्पभूधारकांना सूट मिळाली. पऱ्हाटी तेव्हा वीतभर झाली होती. खताचा पहिला डोस देण्याचेच ते दिवस, त्यामुळे नवं आर्थिक धोरण कृषी केंद्राच्या गल्ल्यावरच भेटलं.

अर्थसंकल्पानंतर सहाव्या दिवशी, ३० जुलैला, वर्धा नदी मोवाडात शिरली. मोवाड नागपूर जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं. पण नदी ओलांडली की आमचा वरुड तालुका लागतो. सोयरिकी दोन्ही काठांवर, बाजारहाट दोन्हीकडे. पुरापासून गाव राखायला बांध होता, तोच फुटला. २०४ माणसं गेली. पुढे गाव नव्या जागी वसवावं लागलं. या भागात त्या वयाच्या कुणालाही विचारा, नव्या आर्थिक धोरणाची तारीख सांगता येणार नाही, मोवाडची येईल. परीक्षेच्या पुस्तकांत मात्र मोवाड मला सापडलेलं नाही.

आता कापूस. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच घालायचा. पणन महासंघाच्या केंद्रावर बंडी उभी करायची, ग्रेडर बोंड उलटंपालटं करून प्रत ठरवणार, मग काटा, मग चुकाऱ्याची वाट. ही योजना वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीतली. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सुटावा हा तिचा हेतू, आणि तो खोटा नव्हता. पण तिच्या पोटात झोनबंदी होती. राज्याबाहेर कापूस न्यायला मनाई. अचलपूरहून परतवाडा ओलांडून बैतूलच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर मध्य प्रदेश सुरू होतो. तिकडे खुला बाजार. भाव चढलेल्या वर्षी पलीकडचा व्यापारी क्विंटलमागे जास्त देई आणि मधे नाका आडवा येई. मग रात्रीच्या गाड्या, आडवाटा, नाक्यावरची चिरीमिरी. भाव पडलेल्या वर्षी उलटी गंगा: तिकडचा कापूस चोरून इकडच्या केंद्रावर, कारण हमीभाव इकडे. दोन्ही दिशांनी धंदा करणारी काही मंडळी होतीच. त्यांची पक्की घरं अजून उभी आहेत.

या पार्श्वभूमीवर त्या सालचा ऑगस्ट ते डिसेंबर आठवावा. ऑगस्टमध्ये मॉस्कोतलं बंड तीन दिवसांत फसलं. बाल्टिक देश सुटले, ३१ ऑगस्टला उझबेकिस्तानने स्वातंत्र्य जाहीर केलं, १ डिसेंबरला युक्रेनने कौल दिला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्हनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे खरेदीचा भर. केंद्राबाहेर बंड्यांची रांग, शेकोट्या, आणि पेपराचं एक पान हातोहात फिरणारं.

“रशिया फुटला म्हन्तेत.”

“फुटू दे ना बापा. चुकारे कवा भेटतीन थे सांग.”

हे ऐकून तेव्हा मी हसलो होतो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की प्रश्न एकच होता. सोव्हिएत कापसाचा मोठा वाटा उझबेकिस्तानातून येई. त्यासाठी नद्यांचं पाणी वळवलं, अरल समुद्र आटत गेला. तो कापूस रशियातल्या इव्हानोवोसारख्या गिरण्यांच्या गावी जाई. देश फुटल्यावर गिरण्यांकडे पैसे उरले नाहीत, मग कापूस जगाच्या बाजारात आला आणि भाव खाली ओढले गेले. म्हणजे क्रेमलिनवरचा झेंडा उतरल्याने चुकाऱ्याचं काय होणार, हे विचारण्यासारखंच होतं. शेकोटीवरच्या त्या माणसाला उझबेकिस्तान कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. पण भाव घसरला त्या हंगामांत आमच्या झोनबंदीच्याच योजनेतला हमीभाव आडोशाला आला, हेही नोंदवायला हवं. मी त्या योजनेचा भक्त नाही, पण नुसत्या शिव्याही घालवत नाहीत.

त्याच डिसेंबरात, २० तारखेला, जिनिव्हात आर्थर डंकेल यांनी गॅट या जागतिक व्यापार करारासाठी आपला मसुदा मांडला. काही महिन्यांत ‘डंकेल’ हे वऱ्हाडातल्या भिंतींवरचं नाव झालं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी म्हणाले, जगाचा बाजार खुला होत असेल तर शेतकऱ्याने घाबरायचं कारण नाही, आपल्याच सरकारने बांधलेले हातपाय आधी सुटू द्या. विरोधकांचं म्हणणं, बियाणं कंपनीच्या ताब्यात जाईल. गावागावांत दोन तट पडले, भाऊ-भाऊ भांडले. ही भांडणं फार जाणती होती. असा वाद आता कुठल्या कराराविषयी होताना मला दिसत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा जुना आक्षेप आहे. १९९१ ला देशाची दारं उघडली, असं म्हणताना वऱ्हाड विसरलं जातं. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला; यादवी संपली आणि भाव कोसळला. हा खुला बाजार आमच्या पणज्यांनी भोगलेला आहे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची ‘शकुंतला’ रेल्वे मुळात कापसासाठीच टाकलेली. १९९१ साली परकी भांडवल यावं की नाही यावर संसदेत भाषणं चालू होती, तेव्हा हिचे रूळ खासगी कंपनीच्याच मालकीचे होते आणि १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला ओढत होतं. ते इंजिन थांबलं १९९४ च्या एप्रिलात, डिझेल आल्यावर.

झोनबंदी पुढे सैल झाली आणि मग गेली. उझबेकिस्तानात मात्र देश स्वतंत्र झाला तरी शेतकऱ्यावरचा सरकारी कापसाचा कोटा तसाच राहिला. तो उठला २०२० साली. आमच्याकडे आता व्यापाऱ्याची गाडी थेट वावराच्या धुऱ्यावर येते आणि भाव मोबाइलवर दिसतो. मात्र भाव हमीच्या खाली घसरला की झोनबंदीला शिव्या घालणारेच सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, केंद्र कधी उघडणार म्हणून बाजार समितीत चकरा मारतात. शहरातले मित्र याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. भाव चढला तर सीमा उघडी हवी आणि पडला तर सरकार काट्यावर हवं, ही मागणी शेकोटीवरच्या त्या माणसाचीही होती. त्याने ती रशियाच्या बातमीवर केली, एवढंच.