बुलडोझर थांबतो, पण कुणीतरी कोर्टात जावं लागतं

परवा चहाच्या टपरीवर एका पोराने मला विचारलं, "भाई, संविधान वाचून बुलडोझर थांबतो का?" सगळे हसले. मी हसलो नाही.

नागपूरची आठवण करा. मार्च 2025 मधल्या दंगलीनंतर महापालिकेने आरोपींच्या घरांवर बुलडोझर नेला. 24 मार्चला नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. एक घर तोवर पडलं होतं. दुसऱ्यावरची कारवाई मात्र अर्ध्यावर थांबली. कशामुळे? घरातले लोक त्याच दिवशी कोर्टात होते म्हणून.

संविधानाने सत्तेची वाटणी केली आहे. तपास पोलिसांनी करायचा, दोषी कोण ते न्यायालयाने ठरवायचं, बांधकाम नियमात आहे की नाही ते पालिकेने बघायचं. बुलडोझर ही तिन्ही कामं एका सकाळी उरकतो, आणि शिक्षा घरातल्या म्हातारीला नि लेकरांनाही देतो. 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: सरकार न्यायाधीश होऊ शकत नाही. किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, लेखी आदेश, पाडकामाचं चित्रीकरण हे सगळं बंधनकारक आहे. नियम मोडला तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही, हेही ध्यानात ठेवा.

तरी चार महिन्यांत नागपूर घडलं. नंतर आयुक्तांनी कोर्टाची माफी मागितली. कारण सांगितलं की अधिकाऱ्यांना या निर्देशांची माहितीच नव्हती! सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्यांना माहीत नाही, त्यांच्या हाती बुलडोझर कसा?

पण बोट आपल्याकडेही वळवतो. एखाद्या नराधमाचं घर पाडलं की आपलीच पोरं स्टेटसला व्हिडिओ टाकतात, "बरं झालं!" दोस्तांनो, असं नाही चालत. नको असलेल्या माणसासाठी लक्ष्मणरेषा पुसलीत, तर उद्या आपल्या दारासमोर ती सापडणार नाही. मला ती सगळ्यांसाठी हवी आहे.

म्हणून घरपट्टीची पावती, बांधकामाची परवानगी, वीजबिल एका फायलीत ठेवा. नोटीस आली तर तारीख लिहून घ्या, लेखी उत्तर द्या, पोच घ्या. मोहल्ल्यातल्या एका वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

संविधान आपणहून दारात उभं राहत नाही. त्याला हाक मारावी लागते, आणि वेळेत.