उंची महाबळेश्वरची, दम माणदेशाचा

१५ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर या शर्यतीत दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा लॉस एंजेलिसला अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिंपिकमधील ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला मिळायला ३२ वर्षे लागली. प्राथमिक फेरीत ललिताने दिलेली ९ मिनिटे १९.७६ सेकंद ही वेळ राष्ट्रीय विक्रम ठरली आणि तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला.

ललितामुळे माण-खटावच्या अनेक मुलींना धावण्याचे वेड लागले असेल, तर नवल नाही. मग एक प्रश्नही ओघाने येतो. केनियाचे धावपटू डोंगरात राहतात, आपले खेळाडू उटीला जातात. मग घरापासून जवळ महाबळेश्वर असताना मुलीला महिनाभर तिथे ठेवले, तर तिचा दम वाढेल का? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे आहे.

उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासासोबत कमी ऑक्सिजन आत जातो. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा घसरला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक जास्त तयार करतात. ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला लावते. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो. उंचीवरच्या सरावाचे सारे गणित इतकेच आहे.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३७२ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. उटीला, २२४० मीटरवर, तो जवळपास २४ टक्क्यांनी कमी असतो. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण रक्ताच्या दृष्टीने मोठा आहे. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते. दाब थोडा उतरला तरी त्याची पकड फारशी सुटत नाही. महाबळेश्वरला विश्रांती घेणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन जेमतेम उतरतो आणि मूत्रपिंडांना तांबड्या पेशी वाढवण्याची निकड भासत नाही. म्हणूनच अशा सरावासाठी साधारण २००० ते २५०० मीटरची उंची आणि तीन-चार आठवड्यांचा मुक्काम योग्य मानला जातो.

म्हणजे महाबळेश्वर निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडर्सन यांनी ३९ धावपटूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. २५०० मीटरवर राहून तिथेच सराव करणाऱ्यांच्या तांबड्या पेशी वाढल्या, पण पाच हजार मीटरची वेळ सुधारली नाही. विरळ हवेत त्यांना पूर्ण वेगाने धावताच येत नव्हते. वेळ सुधारली ती वर राहून सरावासाठी १२५० मीटरवर उतरणाऱ्यांची. ‘राहा उंचावर, धावा खाली’ हे सूत्र तिथून रुजले. गंमत अशी की, त्या सूत्रातले ‘खाली’ म्हणजे जवळपास पाचगणीची उंची. आपण ज्याला उंच समजतो, ती प्रत्यक्षात वेगाने धावण्याची जागा आहे.

महाबळेश्वरचा दुसरा आणि अधिक मोठा फायदा थंडाव्याचा. एप्रिल-मेमध्ये माणदेश तापतो. उन्हात धावताना शरीर थंड ठेवण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंचा वाटा घटतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. महाबळेश्वरच्या गारव्यात तोच पल्ला कमी त्रासात होतो. चढावर धावताना सांध्यांना कमी हादरे बसून हृदय-फुप्फुसांना भरपूर काम मिळते. उतार मात्र जपून. पसरणी घाटासारखा लांब उतार धावत उतरणे गुडघ्यांना आणि मांड्यांना महागात पडते. पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त कोसळणाऱ्या सरी आणि धुके यांमुळे तिथे नियमित सराव अशक्यच. तेव्हा महाबळेश्वरकडे उन्हाळी शिबिराची जागा म्हणून पाहावे, रक्त वाढवणारे केंद्र म्हणून नाही.

आणि रक्ताचाच विषय निघाला आहे, तर खरी अडचण डोंगरावर नाही, घरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. तांबड्या पेशी बनवायला लोह लागते. लोहाचा साठाच रिकामा असेल, तर उटी काय आणि लेह काय, अस्थिमज्जा कच्च्या मालाविना बसून राहते. धावणाऱ्या मुलीचे लोह मासिक पाळीत जाते, थोडे घामातून आणि पावलांच्या आघाताने फुटणाऱ्या पेशींतूनही जाते. वर आहार अपुरा असेल, तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात. ‘सराव जास्त झाला की पाळी बंद होणारच’ असे सांगणारा प्रशिक्षक भेटला, तर पालकांनी त्याचे न ऐकता डॉक्टरांकडे जावे.

उपाय खर्चिक नाहीत. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन चाचण्यांतून बरेच कळते. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकते; अशी मुलगी ‘आळशी’ ठरवली जाते, प्रत्यक्षात तिचा साठा संपलेला असतो. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात न जाता पोटात जायला हवी. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकी यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा असावा. जेवणाला लागून चहा नसावा. जास्त मात्रेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, लोहाचा अतिरेकही घातक असतो.

दुसरी गोष्ट सबुरीची. इटलीची क्रॉस-कंट्री स्कीपटू स्टेफानिया बेलमोंडो हिने १९९२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. १९९३ मध्ये पायाच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरचा काळ कठीण गेला. दुसरे ऑलिंपिक सुवर्ण २००२ मध्ये आले. त्या शर्यतीत तिची काठी मोडली होती, वय ३३ होते. एकूण दहा ऑलिंपिक पदके घेऊन ती निवृत्त झाली. बर्फावर घसरण्यात धावण्यासारखे हादरे नसतात, त्यामुळे दोन्ही खेळांची थेट तुलना होणार नाही. पण आणखी एक फरक लक्षात घ्यावा: ती इटलीच्या वनदलाच्या क्रीडा पथकात होती. दुखापतीच्या काळात नोकरी होती आणि परत येण्याची वाट उघडी होती.

ललिताची कारकीर्दही रातोरात घडली नाही. आधी लांब पल्ल्याची वर्षे झाली. २०१४ च्या जानेवारीत तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांतील विजयाची हॅटट्रिक पूर्ण केली. त्याच वर्षी इंचॉन आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे कांस्य मिळवले, ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत. पुढच्या दोन वर्षांत तिने त्यातून १५ सेकंदांहून अधिक कमी केले. ३५ अडथळ्यांच्या शर्यतीत इतके सेकंद कमी करणे हे महिनाभराच्या शिबिराचे काम नाही. त्यामागे मॅरेथॉनने घडवलेले हृदय, रेल्वेची नोकरी, जाणता प्रशिक्षक आणि सलग सराव होता. तरीही रिओ हेच तिच्या कारकिर्दीचे शिखर ठरले. तिथे ती अवघी २७ वर्षांची होती. पुढे ती महसूल खात्यात अधिकारी झाली; आपल्याकडे कर्तबगार खेळाडूला सन्मानाची नोकरी मिळते ती बहुधा अशी, ट्रॅकपासून दूर नेणारी.

माणदेशातून पुढची ललिता घडवायची असेल, तर क्रम सरळ आहे. आधी रक्ततपासणी आणि पोटभर जेवण, मग गावातल्या मैदानावर काही वर्षांचा शांत सराव, मग उन्हाळ्यात महाबळेश्वर, आणि राष्ट्रीय पातळी गाठल्यावर उटी. आज बहुतेकांची नजर शेवटच्या पायरीवर असते. पहिल्या पायरीला घाट चढावा लागत नाही. ती तालुक्याच्या प्रयोगशाळेतच सुरू होते.