मस्टर्ड वायूचा अपुरा हिशेब

पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायूविषयी एक आकडा आजही सांगितला जातो: वायूची बाधा झालेल्या दर चाळीस ब्रिटिश सैनिकांमागे एकच दगावला. जर्मन सैन्याने जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे हे अस्त्र प्रथम वापरले. (वायू हे नाव फसवेच, मुळात तो तेलकट द्रव.)

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२५ मध्ये 'कॅलिनिकस' या पुस्तिकेत याच आकड्यावर भिस्त ठेवून रासायनिक युद्धाचे समर्थन केले. कायमचे निकामी झालेले तर दोनशेंत एक, मग तोफगोळ्यांपेक्षा हे अस्त्र सौम्यच नव्हे काय? विषारी वायूंच्या वापरावर बंदी घालणारा जिनिव्हा करार त्याच वर्षीचा. हाल्डेन त्या युद्धात स्वतः लढलेले. पुढे भारताचे नागरिक झालेले आणि भुवनेश्वर येथे निवर्तलेले थोर आनुवंशशास्त्रज्ञ. म्हणूनच त्यांचा हा हिशेब अधिक खटकतो.

त्याला उत्तर मिळाले ते त्यांच्याच शास्त्राकडून. नाझी राजवटीत ज्यू म्हणून शिक्षिकेची नोकरी गमावलेल्या शार्लट आउअरबाख यांनी एडिंबरो येथे जे. एम. रॉब्सन यांच्यासह फळमाश्यांवर मस्टर्डचे प्रयोग केले. क्ष-किरणांप्रमाणेच हे रसायनही जनुकांत उत्परिवर्तने घडवते, असे आढळले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हा शोध १९४६ पर्यंत जाहीर झाला नाही.

फुप्फुसात नेमके काय होते? मस्टर्डचा रेणू डीएनएच्या दोन्ही धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडतो. मग श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी विभाजन थांबवते. पी-५३ हे जनुक जणू पहारेकरी होऊन ठरवते, दुरुस्ती करायची की पेशीने मरायचे. दाह वाढवणारी जनुके जागी होतात. जखम भरून आणणारे संकेत वेळेत थांबले नाहीत, तर मऊ ऊतीच्या जागी राठ व्रण उरतो. दुरुस्तीत राहिलेली चूक मात्र पेशीच्या वंशजांकडे जाते.

जपानच्या ओकुनोशिमा बेटावर १९२९ ते १९४५ या काळात विषारी वायूंचा कारखाना चालला. तेथील कामगारांना रणांगण दिसलेही नाही; तरी त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि काहींच्या गाठींत तो पहारेकरी, पी-५३, स्वतःच बिघडलेला सापडला. शत्रूसाठी घडवलेले विष आधी आपल्याच माणसांच्या पेशींत उतरले, हे त्या साम्राज्याच्या इतिहासात ठळकपणे यावयास हवे.

इराणमधील सरदश्त या गावावर २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी मस्टर्डचे बॉम्ब टाकले. बळी सामान्य नागरिक. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या सूक्ष्म श्वासनलिका पुढे व्रणांनी अरुंद होत गेल्या, आणि दशके उलटली तरी खोकला व धाप सुटली नाही. हाल्डेन यांच्या कोष्टकात त्यांची नोंद 'वाचलेले' अशीच झाली असती.