पेसमेकर बसवला, पण चैन पडेना

हृदयाचे ठोके मंदावल्यामुळे घेरी येऊन पडणाऱ्या माणसाला पेसमेकर नवे आयुष्य देतो, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पण पुढे यंत्रे बदलत बदलत हे गृहस्थ २००१ पर्यंत जगले आणि ८६व्या वर्षी वारले, तेही हृदयाच्या दुखण्याने नव्हे. तेव्हा यंत्राला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. यंत्र व्यवस्थित चालू असूनही ज्यांना चैन पडत नाही आणि ज्यांची तक्रार घरात किंवा दवाखान्यात कोणी मनावर घेत नाही, अशा पेशंटांविषयी मला आज लिहायचे आहे.

आमच्या गावातील एक निवृत्त गुरुजी सांगत, "डॉक्टर, पोटात आतून कोणीतरी टिचक्या मारतंय." डाव्या कुशीवर वळले की जास्तच. घरच्यांनी गॅस ठरवला. ओवा झाला, हिंग झाला, आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. सूनबाईंचे मत, मामंजींना सवय आहे, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतात. मी एक हात त्यांच्या पोटावर व दुसरा मनगटावरच्या नाडीवर ठेवला, तर टिचकी आणि नाडी एकाच तालात! गॅस काही नाडीचा ताल धरून येत नाही. पेसमेकरच्या तारेचे टोक हृदयात जिथे टेकलेले असते, तिथून श्वासपटलाची नस कधी कधी अगदी जवळून जाते. यंत्राने सोडलेला विजेचा धक्का जरुरीपेक्षा जोरदार असेल तर हृदयाबरोबर श्वासपटलही आकुंचन पावते. शहरातल्या डॉक्टरांनी व्होल्टेज कमी केले आणि दहा मिनिटांत टिचक्या थांबल्या. (सगळ्यांचेच असे सोपे नसते. क्वचित तार सरकलेली असते, ती पुन्हा जागेवर बसवावी लागते.)

यातली एक गोष्ट पेशंटला सहसा कोणी समजावून सांगत नाही. पेसमेकर नवा बसवला की पहिले काही आठवडे व्होल्टेज मुद्दामच चढे ठेवतात, कारण तारेच्या टोकाशी सूज असते व हृदयाला जागे करायला जास्त वीज लागते. साधारण तीन महिन्यांनी सूज बसते. तेव्हा परत जाऊन ते खाली आणायचे असते. त्यामुळे त्रास कमी होतो आणि बॅटरीही जास्त वर्षे टिकते. पण टाके सुकले, माणूस हिंडू-फिरू लागला की आपल्याकडे उपचार संपला असे समजतात. पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायची ती बॅटरी संपत आल्यावरच!

दुसरा अनुभव शेतात राबणाऱ्या एका बाईंचा. पेसमेकर बसवल्यावर चक्कर थांबली, पण मधूनच गळ्यात धडधडायचे, अंगातले त्राण जायचे, कामाला उभे राहवत नसे. तीन ठिकाणी दाखवून झाले. ई.सी.जी. काढून "यंत्र उत्तम चाललंय, मावशी, काळजी करू नका" असे सांगितले गेले. ताकदीची इंजेक्शने आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. वास्तविक यंत्र उत्तमच चालले होते, आणि त्रासाचे मूळ तिथेच होते. एकाच तारेचा पेसमेकर हृदयाच्या फक्त खालच्या कप्प्याला ठोका देतो. वरच्या कप्प्याचा आणि त्याचा मेळ राहिला नाही, तर मधली झडप बंद असतानाच वरचा कप्पा आकुंचन पावतो आणि रक्त मागे मानेच्या शिरांकडे उसळते. रक्तदाबही थोडा उतरतो. याला पेसमेकर सिंड्रोम असे नाव आहे. या बाईंचे स्वतःचे हृदय बराच वेळ ठीक चालत असे, पण यंत्राची किमान गती ७० ला बांधलेली असल्यामुळे ते उगाच मध्ये पडत होते. गती ५० वर आणली, आणि बाई पुढच्या महिन्यात निंदणीला गेल्या. एवढ्याने भागत नसेल तर दोन तारांच्या यंत्राचा विचार करावा लागतो, पण तो नंतर.

तिसरा प्रकार गमतीचा वाटेल. बऱ्याच यंत्रांत शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवण्याची सोय असते. आता आपले रस्ते! एस.टी.च्या मागच्या सीटवर बसलेल्या आजोबांचे यंत्र समजते की हे पळत सुटलेत, आणि बसल्या जागी छाती धडधडू लागते. उलट सायकलवर अंग फारसे हलत नाही, म्हणून दम लागला तरी ठोके वाढत नाहीत. जेजुरीच्या पायऱ्या चढताना धाप लागते व उतरताना धडधडते, असे कोणी म्हणाले तर हसू नये. चढताना हालचाल संथ असते, उतरताना हिसके बसतात, यंत्राला तेवढेच कळते. ही संवेदनशीलताही कमी-जास्त करता येते.

या सर्व बदलांना चाकू लागत नाही, भूल लागत नाही. छातीवर एक छोटे उपकरण धरून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रावरून ते केले जातात. मग होत का नाहीत? कारण तो प्रोग्रॅमर तालुक्याला नाही. तो असतो मोठ्या शहरात, आणि चालवणारा बहुधा कंपनीचा माणूस. त्याची वेळ घ्या, गाडीभाडे घाला, बरोबरच्या मुलाचा रोज बुडवा. "जाऊ दे, सोसू," असे म्हातारा माणूस म्हणतो आणि सोसत राहतो. माझे स्पष्ट मत आहे की यंत्र विकताना जो माणूस ऑपरेशन थिएटरपर्यंत येतो, त्याला दर तीन महिन्यांनी एक दिवस जिल्हा रुग्णालयात बसवणे अशक्य नाही. कंपन्यांनी आणि आरोग्य खात्याने ठरवले तर एका दिवसात पंचवीस-तीस पेशंट सहज पाहून होतील. रोटरी, लायन्स मोतीबिंदूची शिबिरे भरवतात, त्यांनी हेही मनावर घ्यावे.

आम्हा जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. "ते मशीनचं काम, आम्हाला काय कळतं" हे पुरेसे नाही. नाडी मोजायला, पोटावर हात ठेवायला, मानेची शीर पाहायला कोणतेही मशीन लागत नाही. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडले आहे का, बी.पी.च्या गोळ्या जास्त होताहेत का, हेही आपणच पाहायचे, कारण प्रत्येक दुखणे पेसमेकरच्या माथी मारणे तितकेच चूक.

पेशंटने एक साधी वही करावी. त्रास कधी झाला, काय करत असताना, झोपून की उभ्याने, त्या वेळी नाडी किती, एवढेच लिहावे. रात्री रोज ठरावीक वेळी धडधड होत असेल तर तेही लिहा. काही यंत्रे रात्री आपली आपण चाचणी घेतात, आणि ती वेळ कळली की डॉक्टरांचे काम सोपे होते. पण बेशुद्ध पडणे, नाडी ठरवलेल्या आकड्याच्या खूप खाली जाणे, यंत्राच्या जागी लाली, सूज किंवा पू येणे, ताप येणे, यासाठी वही लिहीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्यांना झटका देणारे यंत्र, म्हणजे आय.सी.डी., बसवले आहे त्यांनी एक झटका बसला तर डॉक्टरांना लगेच कळवावे, आणि लागोपाठ बसले तर तडक मोठे हॉस्पिटल.

यंत्राबरोबर मिळालेले कार्ड पुष्कळ जण लॅमिनेशन करून कपाटात ठेवतात. ते खिशात असू द्या. त्यावर कंपनीचे व मॉडेलचे नाव असते, आणि एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरला चालत नाही. किमान गती किती ठेवली आहे तो आकडा विचारून कार्डाच्या मागे लिहून घ्या आणि तपासणीचा छापील कागद मागून आणा. द्यायला कोणी कुरकुर केली तरी मागाच.